कॉट बेसिसवरचं गाव

माधवनगरात आमच्या गल्लीचं वर्ष कॅपच्या फेरीनं सुरू होतं. बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे मार्क कळतात, मग इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी. यादी लागली की दोन दिवसांत दारापुढं गाड्या थांबायला लागतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, कधी थेट लातूर-नांदेड. वडील पुढं, आई त्यांच्या मागं, आणि ज्याला शिकायचंय ते पोरगं चपला काढत सगळ्यात मागं. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॉट बेसिसवर जागा हाय का?" आई घर बघून घेते, मोरी बघते, पाण्याची टाकी बघते आणि मग विचारते, "जेवणाचं कसं?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी जवळजवळ तीस वर्षं गेली.

बाहेरच्या माणसाला आमचा भूगोल सांगायला हवा. माधवनगर सांगलीला चिकटून आहे, पण महापालिकेत नाही. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महापालिका झाली, तेव्हाही आमची ग्रामपंचायतच राहिली. एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला बुधगाव. मिरजमळा संस्थानची गादी या बुधगावात होती. तालुका मिरज, पोस्ट माधवनगर, बाजार सांगलीचा, असा आमचा पत्ता. यंत्रमाग गल्लोगल्ली होते, आजही थोडे आहेत. कापडाची गिरणी होती. तिच्या भोंग्यावर बायका चूल पेटवायच्या.

आमचे हे गिरणीतच होते. गिरणी बंद पडली तेव्हा मोठा मुलगा शाळेत होता आणि धाकटा अजून शाळेत जायचा होता. गावातल्या कितीतरी घरांवर तीच वेळ आली. कुणी माग टाकले, कुणी मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर दिवाणजी झाले, कुणी पुण्याला गेले. आणि ज्यांचं घर जरा ऐसपैस होतं त्यांनी वरच्या खोल्यांत कॉट टाकल्या. कारण बुधगावात इंजिनिअरिंग कॉलेज झालं होतं. 1983 साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि दादांच्या नावाचं कॉलेज आमच्या उंबऱ्याशी आलं. पुढारी या निर्णयावर बरं-वाईट खूप बोलतात. मला एवढंच माहीत आहे की गिरणीच्या पगारावर चालणारी आमची गल्ली त्यानंतर परगावच्या पोरांच्या भाड्यावर आणि जेवणावर चालायला लागली.

कॉट बेसिस म्हणजे खोली भाड्यानं नाही, खाट भाड्यानं. एका खोलीत तीन किंवा चार कॉट, प्रत्येकाची एक फळी, एक खिळा, एक कुलूपवाली ट्रंक. कुणाशी पटलं नाही तर पोरगं आपली गादी उचलून पलीकडच्या घरात जातं. घरमालकाला एक रिकामी कॉट म्हणजे महिन्याचं तेवढं नुकसान, त्यामुळं जून-जुलैत गल्लीतले शेजारी एकमेकांकडं जरा तिरकं बघतात. सप्टेंबरपर्यंत सगळं मिटतं.

मेसचं तंत्र वेगळं. पैसे महिन्याचे आगाऊ. दोन वेळचं जेवण, रविवारी सकाळी फीस्ट आणि रात्री सुट्टी. फीस्टला पुरणपोळी आणि कटाची आमटी, नाहीतर मसालेभात-जिलेबी. गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे खाडा धरला जातो. सलग दोन दिवसांच्या आतला खाडा आम्ही धरत नव्हतो. मेसवाल्या बाईचं सगळं गणित खाड्यावर असतं. खाडे जास्त झाले तर पीठ उरतं, आणि कमी धरले तर पोरं दुसरीकडं जातात. भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं, त्यावर नावाची पहिली अक्षरं आणि फुल्या. शनिवारी पोरं जायची, सोमवारी परत यायची, येताना घरचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणायची आणि पहिल्याच पंगतीत डबा फिरायचा. जतच्या पोराचा खर्डा लातूरच्या पोराला सोसायचा नाही. पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी यायचं, तिसऱ्या वर्षी तोच मागून घ्यायचा.

माझ्या हाताखाली गल्लीतल्याच दोघी होत्या. एक भाकरी बडवायची, एक भाजी चिरायची. सकाळी सात वाजता पोळ्या सुरू. बुधगाव कॉलेजची पोरं चालत जायची, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची विश्रामबागेला जायची, त्यांना डबा लागायचा. वालचंदला लागूनच हॉस्टेल आहे, तरी काहींचा नंबर हॉस्टेलला लागायचा नाही, काहींना तिथलं भाडं आणि आमचं भाडं यातला फरक मोठा वाटायचा. एसटीचा पास काढून ती माधवनगरहून जायची.

अभ्यासाचं मला काही कळत नव्हतं, पण वेळापत्रक पाठ झालं. सबमिशनच्या आठवड्यात पोरं जेवायला उशिरा येतात आणि ताटावरच पेंगतात. पहिल्या वर्षाला ड्रॉईंगच्या शीट असतात. वर खिडकीची काच दोन स्टुलांवर आडवी ठेवून खालून बल्ब लावायचा आणि एकाची शीट दुसऱ्यानं छापायची, याला पोरं जीटी मारणं म्हणतात. एकदा आमच्या खिडकीला महिनाभर काच नव्हती. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की रात्री अकराला चहा ठेवावा लागे. मग परीक्षा, मग शिवाजी विद्यापीठाचा निकाल. निकालाच्या दिवशी मी भात जास्त लावायची नाही. निम्मी पोरं जेवतच नसत. कुणाचा गणिताचा एम-थ्री राहिलेला असे, कुणाची केटी, कुणी वायडी झालेलं असे. वर्ष गेलेल्या पोराला घरी फोन करायचा धीर होत नाही. ते काम पुष्कळदा माझ्याकडं यायचं. "दादा, पोरगं बरं आहे, जेवतंय, एक वर्ष जास्त लागंल," असं मी सांगायची. पलीकडून आधी काहीच आवाज यायचा नाही. मग वडील विचारायचे, "जेवतोय न्हवं?"

दुष्काळाची वर्षं माझ्या ध्यानात राहिलीत. 2003 च्या सुमाराला जत-आटपाडीकडं प्यायला पाणी नव्हतं, जनावरं छावणीत होती. तिकडच्या एका वडिलांनी दोन महिने पैसे दिले नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात स्वतः येऊन ओट्यावर बेदाण्याचं पोतं ठेवलं. बाजारात नेलं असतं तर भाव पडलेला होता. आम्ही त्या वर्षी प्रत्येक फीस्टला खीर केली आणि उरलेला बेदाणा तासगावच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडं दिला. त्या पोराचे चार वर्षांचे पैसे फिटले का, तर पूर्ण नाही फिटले. तो आता पुण्याजवळ चाकणला मोठ्या कंपनीत आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ, मग चुलतभाऊ, मग मामाचा मुलगा असे सगळे आमच्याकडंच जेवले. मेसचा धंदा हा असा एका पोराच्या हिशेबात बसत नाही.

सुरुवातीच्या काळात काही आईबाप हळूच विचारायचे, "तुमच्यात कोण कोण जेवायला असतं?" त्यांना काय विचारायचंय ते मला कळायचं. मी सांगायची की पंगत एकच आहे, ताटं सगळ्यांची सारखी घासली जातात, चालत असेल तर बघा. दोघे-तिघे उठून गेले. बाकीचे बसले.

विश्रामबागेची गोष्ट इथंच सांगते, कारण हे सगळं तिथूनच सुरू झालं. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या या भागात 1919 साली पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज काढलं. फर्ग्युसननंतरचं त्यांचं दुसरं कॉलेज. पुढं ज्ञानपीठ मिळालेले कन्नडचे कवी वि. कृ. गोकाक तिथं प्राचार्य होते, रं. श्री. मुगळी तिथं कन्नड शिकवत. सीमेपलीकडची कानडी पोरं सांगलीत शिकायला येतात ती तेव्हापासून. 1947 साली धोंडूमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. 1955 पासून ते वालचंद झालं. मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर वानलेसांनी 1894 साली दवाखाना उभा केला आणि 1962 साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. म्हणजे नाट्यपंढरी, हळदीचं गाव, गणपतीचं गाव या सांगलीच्या सगळ्या ओळखी खऱ्याच, पण शंभर वर्षांत तिला पोसलं ते परगावच्या विद्यार्थ्यांनीही. या गोष्टीचा कुठं बोर्ड लावलेला नाही.

धाकटा मुलगा वालचंदला लागला. आमच्याच पंगतीत बसून तो शिकला. नंतर एमएस करायला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स नावाच्या गावी गेला आणि शिक्षण संपल्यावर विद्यापीठाच्याच रिसर्च पार्कमधल्या एका कंपनीत लागला. 2018 च्या उन्हाळ्यात सुनेच्या बाळंतपणाला मी तिथं गेले. मेस तेवढे महिने जावेनं सांभाळली.

एम्स हे तिकडच्या हिशेबानं मध्यम गाव. सत्तर हजारांच्या आतली वस्ती, आणि त्यातली सुमारे निम्मी विद्यार्थी. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. आयोवा स्टेट विद्यापीठ 1858 साली शेतकी कॉलेज म्हणून निघालं. 1862 मध्ये लिंकनच्या काळात कायदा झाला की शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या कॉलेजांसाठी केंद्रानं राज्यांना जमीन द्यायची. तो कायदा पहिल्यांदा स्वीकारणारं राज्य आयोवा. शेतकऱ्यांच्या पोरांसाठी काढलेलं कॉलेज म्हटल्यावर मला ते गाव लगेच जवळचं वाटलं.

बसची सोय मला फार आवडली. शहर, विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांची संघटना असे तिघं मिळून ती चालवतात. विद्यार्थ्याला तिकीट पडत नाही. तेव्हा त्या एवढ्याशा गावात वर्षाला साठ लाखांवर प्रवास होत होते. मी नातीला सुनेकडं देऊन दुपारी बसनं गावाला वळसा घालून यायची. आमच्याकडं विश्रामबागेहून माधवनगरला यायला पोरांना दोन ठिकाणी थांबावं लागतं आणि चिंतामणीनगरचा रेल्वे पूल नव्यानं बांधायला पाडला तेव्हा तर लांबून फिरून यावं लागलं. महापालिका, एसटी आणि कॉलेजं एका टेबलाशी बसली तर सांगलीतही अशी बस होऊ शकते. पैशापेक्षा बसण्याचीच अडचण जास्त आहे असं मला वाटतं.

जुलैच्या शेवटच्या दिवसांत मी बघितलं ते मात्र कधी बघितलं नव्हतं. बहुतेक घरांचे करार 31 जुलैला संपतात आणि नवे दुसऱ्या दिवशी सुरू होतात. सारं गाव एकाच वेळी घर बदलतं. रस्त्याच्या कडेला सोफे, टेबलं, गाद्या, दिवे, पुस्तकांची कपाटं यांचे ढीग. चांगल्या वस्तू, पण न्यायला गाडी नाही, ठेवायला जागा नाही. काही पोरांनी मधली रात्र सामानासकट गाडीतच काढली. पूर्वी हे सगळं कचऱ्यात जायचं. आता शहर आणि विद्यापीठ मिळून ते एका पार्किंगच्या इमारतीत गोळा करतात आणि नव्या पोरांना थोडक्या पैशांत विकतात. विकायला सेवाभावी संस्थांची माणसं उभी राहतात आणि आलेले पैसे त्या संस्थांना जातात. मुलानं तिथून पाळण्याशेजारी ठेवायला एक टेबल घेतलं. मी तिथं बराच वेळ हिंडले. कुठल्या वस्तू आधी उठतात, कुठल्या पडून राहतात, ते बघत होते.

जेवणाचं विचाराल तर तिथं मेस नाही. विद्यापीठाची मोठी भोजनगृहं आहेत, तिथं वर्षाचे किंवा सत्राचे पैसे आधी भरावे लागतात, आणि ते आपल्या पोरांना परवडत नाहीत. म्हणून आपली पोरं चौघं मिळून घर घेतात आणि पाळीपाळीनं स्वयंपाक करतात. फ्रीजवर कागद, कागदावर वार आणि नावं. कढीत साखर घालायची की नाही यावरून दोन घरं तुटल्याचं मला सांगितलं गेलं, आणि मी ते खरं मानते. मुलाच्या ओळखीची पोरं रविवारी आमच्याकडं यायची. त्यात वालचंदचे होते, एक बुधगावचा होता, बाकीचे पुण्याचे, हैदराबादचे. भाकरीचं पीठ डी मॉइन शहरातल्या दुकानातून आणावं लागे, ते जुनं असे, भाकरीला चिरा पडत. तरी एका पोरानं चौथी मागितली.

आणि त्याच श्रीमंत गावात, विद्यापीठाच्या एका इमारतीत विद्यार्थ्यांनीच चालवलेली धान्याची खोली आहे. डबाबंद भाज्या, तांदूळ, शेवया, साबण. विद्यार्थ्यानं यायचं, लागेल ते न्यायचं, पैसे द्यायचे नाहीत. अमेरिकेत शिकणारं पोरगं उपाशी असू शकतं हे मला आधी पटेना. मुलगा म्हणाला, "आई, फी भरून झाल्यावर काहींच्या हातात काही उरत नाही." मग पटलं. आमच्याकडं महिनाअखेरीला पोरं खाडा सांगतात तेव्हा सगळीच काही गावाला जात नाहीत. मेसवाल्या बाईला ते ओळखता यावं लागतं.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आमच्या घरात एक पोरगं विसरून गेलं होतं, ते मी वाचलं होतं. 1981 साली आलेलं हे पुस्तक मराठीत कुणी वाचलं नाही असं घर कमी. पण जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकला ते हेच एम्स, हे मला तिथं गेल्यावर उमगलं. त्याच्या नावाची इमारत आहे. 1891 साली तो इथं आला, कॉलेजचा पहिला काळा विद्यार्थी. 1894 ला पदवी, 1896 ला पुढची पदवी, आणि तिथंच पहिला काळा शिक्षकही. त्याच्या चरित्रात एक प्रसंग येतो. आला तेव्हा त्याला बाकीच्या विद्यार्थ्यांबरोबर भोजनगृहात बसू देत नव्हते. तळघरात नोकरमाणसांबरोबर जेवायचं. त्याच्या आधीच्या कॉलेजच्या गावातल्या लिस्टनबाई या गोऱ्या बाईंना ते कळलं. त्या आल्या, दिवसभर त्याच्याबरोबर कॉलेजात हिंडल्या आणि जेवणाच्या वेळी तळघरात जाऊन त्याच्या शेजारी बसल्या. त्यानंतर पोरांचं वागणं बदलत गेलं. कार्व्हरचं भुईमूग आणि रताळ्यावरचं काम सगळ्या जगाला माहीत आहे. मला लिस्टनबाई मोठ्या वाटतात. त्यांनी भाषण केलं नाही, पाट मांडला.

आमच्या भागाला अशी पंगत परकी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढली, कारण खेड्यातलं पोरगं शहरात आलं तर शाळेत नाव घालता येई, पण राहायचं आणि जेवायचं कुठं हा प्रश्न सुटत नसे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली बोर्डिंग सुरू केलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. 1927 साली गांधीजी तिथं आले आणि बोर्डिंगला शाहूंचं नाव मिळालं. घरात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष आपण सगळे बघतो. त्या बाईनं किती भाकरी बडवल्या असतील याचा अंदाज मला येतो, आणि तिच्यापुढं मी मनापासून हात जोडते.

सप्टेंबरात एम्समध्ये फुटबॉल सुरू झाला. मैदानाचं नाव जॅक ट्राइस. हाही तिथला पहिला काळा खेळाडू, 1923 साली सामन्यात जबर जखमी झाला आणि दोन दिवसांनी गेला. मैदानाला त्याचं नाव लागायला 1997 उजाडलं. तिथं साठ हजारांवर माणसं बसतात, म्हणजे जवळजवळ सगळं गाव. सकाळपासून गाड्यांच्या मागं शेगड्या पेटतात, मांस भाजायचा वास सुटतो, ओळख नसलेली माणसं बोलावून खायला देतात. मला खेळ कळला नाही, पण ती मोकळ्यावरची पंगत कळली. मॅड्रिड नावाच्या गावाजवळ मक्याच्या रानात हिंदूंचं देऊळ आहे, तिथं गणपतीला गेलो होतो. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत पोरं जास्त, कुटुंबं कमी. बर्फ पडायच्या आत मी परत आले.

पुढच्याच ऑगस्टात कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ 45 फुटाला धोक्याची पातळी आहे. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. निम्मी सांगली पाण्याखाली. आम्ही उंचावर, म्हणून माधवनगर-बुधगावात पै-पाहुणे, ओळखीचे, अनोळखी असे सगळे येऊन राहिले. कॉलेजं बंद, रस्ते बंद, पोरांना गावी जाता येईना. मग आमच्या मेसमधल्या पोरांनी पीठ मळायला घेतलं. दिवसाला किती पोळ्या झाल्या कुणी मोजलं नाही, पीठ संपेल तसं कुणीतरी आणून टाकत होतं. ट्रॅक्टरमधून डबे शाळेत, मंगल कार्यालयांत जात होते. ज्यांना मी चार वर्षं वाढलं, ती पोरं त्या आठवड्यात सांगलीकरांना वाढत होती. परगावचं पोरगं गावाचं कधी होतं, असं कुणी विचारलं तर मी तो आठवडा सांगते.

त्यानंतर 2020 चा मार्च, कोरोनाची टाळेबंदी. दोन आठवड्यांसाठी म्हणून पोरं गेली. पाठीवरची सॅक तेवढी नेली. पुस्तकं, गाद्या, सायकली, ड्राफ्टर, दोरीवरचे कपडे, सगळं इथं. महिन्यांमागून महिने खोल्या बंद. भाडं मागायचं का, यावर गल्लीत भांडणं झाली. ज्यांनी मागितलं त्यांना मी नावं ठेवत नाही. वरचा मजला कर्ज काढून बांधलेला, हप्ता थांबला नव्हता. ज्यांनी सोडलं त्यांनाही ते सोपं गेलं नाही. शेवटी बापलोक टेम्पो घेऊन आले आणि सामान नेलं, काहींनी नेलंच नाही.

आता कॉट भरत नाहीत. कॉलेजांची स्वतःची हॉस्टेलं झाली. कॉम्प्युटरला गर्दी, मेकॅनिकल-सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहतात. मार्क असलेलं पोरगं आधी पुण्याचं कॉलेज भरतं. आणि जे इथं शिकतं तेही शेवटच्या परीक्षेच्या रात्री ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातं. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. इथं हळद आहे, जिला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. द्राक्षं आहेत, बेदाणा आहे, साखर कारखाने आहेत, कुपवाड-मिरजेत एमआयडीसी आहे. हळद शिजवायचं, बेदाणा वाळवायचं, पुराचं पाणी मोजायचं, हे सगळं शिकलेल्या पोरांचंच काम आहे. शंभर वर्षं आपण पोरं शिकवून दुसऱ्या गावांना देतो. एम्सनं निदान विद्यापीठाला लागून रिसर्च पार्क काढलं, शिकलेल्यातली थोडी तरी तिथंच राहावीत म्हणून. माझा मुलगा राहिला तो त्यामुळंच. असं काही विश्रामबागेत असतं तर तो कदाचित इथं राहिला असता. एवढं मी त्याला फोनवर सांगते आणि तो ऐकून घेतो.

टाळेबंदीतलं न नेलेलं सामान खालच्या खोलीत पडून होतं. त्यावरून एम्समधली पार्किंगची इमारत आठवली. गल्लीतल्या चार घरमालकिणींना बोलावलं, आणि आमच्या खोलीला कुलूप न लावता ती पोरांना मोकळी केली. मे महिन्यात शेवटच्या वर्षाची पोरं जाताना ज्याला जे नको ते तिथं ठेवतात. ऑगस्टात नवी पोरं येऊन घेतात. पैसे नाहीत. एका वहीत काय ठेवलं, काय नेलं, एवढंच लिहायचं, नाव लिहायची गरज नाही. ड्राफ्टर आणि सायन्टिफिक कॅल्क्युलेटर सगळ्यात आधी जातात. पहिल्या वर्षाची पुस्तकं जातात, चौथ्याची पडून राहतात. इस्त्री, टेबल फॅन, बादल्या चालतात. गाद्या आम्ही घेत नाही, ढेकणांचा त्रास होतो. गेल्या वर्षीपासून एका फळीवर तांदूळ, डाळ, पोहे आणि शेंगदाण्याच्या पुड्याही ठेवतो. ती फळी दाराच्या मागं आहे, रस्त्यावरून दिसत नाही.